दिसेल तेच लिहावे

तीन आठवडे झाले, धड पाऊस नव्हता की धड ऊन नव्हतं. आभाळ नुसतं ठिबकत होतं. ताडपत्रीखाली रचलेली चुनखडी ओली, कोळसा ओला, लाकडाच्या ढलप्या ओल्या. एरवी तीन दिवसांत पिकणारी भट्टी पाचवा दिवस उजाडला तरी काळा धूर ओकत होती. भट्टीवाला लांब सळईने खालच्या तोंडातून निखारे उकरत होता, मधूनच मनगटाने डोळे पुसत होता आणि आभाळापासून कोळशापर्यंत सगळ्यांना शिव्या घालत होता.

त्याला सगळे भट्टीवालाच म्हणत. आईबापांनी ठेवलेलं नाव कागदोपत्री तेवढं उरलं होतं. सिमेंट आल्यापासून चुन्याला कुत्रं विचारत नव्हतं, आणि आजूबाजूच्या भट्ट्या एकेक करून विझल्या होत्या. यंदा एकच गिऱ्हाईक होतं. नदीवरच्या जुन्या दगडी पुलाची डागडुजी निघाली होती, जुन्या दगडाला सिमेंट धरत नाही म्हणून गवंड्याला चुना हवा होता. तो माल वेळेवर गेला तर वर्ष निभणार होतं.

"अहो, शिव्यांनी पेटत असती तर एव्हाना राख झाली असती भट्टीची," बायको वरून म्हणाली. ती कठड्यावर उभी राहून टोपलीतला कोळसा थोडाथोडा आत सोडत होती. मान उजवीकडे कलती करून काम करायची तिला सवय झाली होती, कारण डाव्या डोळ्यात बुबुळाच्या जागी सगळं पांढरं होतं. चार वर्षांपूर्वी चुना पाण्यात विझवताना ढेकूळ फुटून डोळ्यात उडालं. कसं झालं म्हणून कुणी विचारलं, तर भट्टीवाल्याचं उत्तर ठरलेलं होतं. "तिला सगळं वाकून बघायची खोड. नको म्हटलं तरी वाकली." बायको त्यावर काही बोलत नसे. लोकही मग हळहळून, जपायला हवं होतं गं, असं तिलाच सांगून जात.

त्या दिवसापासून भट्टीवाल्याने एक दंडक घातला होता. मुलीने दगड फोडावा, भट्टी भरावी, माल निवडावा, पण विझवायच्या खड्ड्यापाशी फिरकायचं नाही.

मुलगी एकुलती एक, सोळा वर्षांची, शाळेच्या शेवटच्या वर्षाला. तिला घरात, गावात सगळे मोजपट्टी म्हणत. लहानपणी बापाची ओळंब्याची दोरी घेऊन ती दिसेल ते मोजत सुटायची, अगदी झोपलेल्या कुत्र्याची शेपटीसुद्धा. माल निवडण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. दगड नीट पिकून त्याची कळी झाली की वजन जवळजवळ निम्म्याने उतरतं. आत कच्चा राहिला तर वरून पांढराफेक दिसला तरी हाताला जड लागतो. भट्टीवाला स्वतः कळी फोडून बघायचा. मोजपट्टी नुसती तळहातावर घेई आणि "पिकली", "कच्ची" म्हणत दोन ढिगांत टाकत जाई.

"काटा गिळलाय कार्टीनं," भट्टीवाला म्हणायचा. तेव्हा त्याची छाती फुगलेली असायची.

वर्षाच्या सुरुवातीला शाळेत विज्ञानाला नव्या बाई आल्या आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी प्रत्येक मुलामागे एक छापील कागद घरी धाडला. पालकांनी वाचून सही करून परत पाठवायचा, दुसरी प्रत घरी ठेवायची. भट्टीवाल्याचं शिक्षण अक्षर जुळवून वाचण्यापुरतं, म्हणून मोजपट्टीने मोठ्याने वाचून दाखवला.

"तास सुरू झाल्यावर दोन मिनिटांपेक्षा जास्त उशीर झाल्यास गैरहजेरी."

"बरोबर."

"प्रयोगवही ठरलेल्या दिवशीच द्यावी. उशिराच्या प्रत्येक दिवसाला एक गुण कमी."

"एकच? मऊ दिसतात तुझ्या बाई."

"प्रयोगात जे दिसेल तेच लिहावे. पुस्तकातले, दुसऱ्याच्या वहीतले किंवा मनातले लिहू नये. प्रयोग फसला आणि फसला असे लिहिले तर गुण कापले जाणार नाहीत. न दिसलेले लिहिले तर त्या प्रयोगाला शून्य, आणि त्या वर्षी अ श्रेणी नाही."

"म्हणजे खोटं बोलायचं नाही. एवढंच सांगायला चार ओळी?" भट्टीवाला हसला.

शेवटचं कलम मोजपट्टीने दोनदा वाचलं. प्रयोगाला अ श्रेणी असलेल्या मुलांचेच अर्ज शहरातल्या मोठ्या शाळेच्या विज्ञान शाखेला पाठवले जातील, असं ते होतं. तिला तिथंच जायचं होतं. पाणी तपासायची प्रयोगशाळा असते, तिथं नळीत पाणी घेऊन त्यात काय काय आहे ते मोजतात, हे बाईंनी सांगितल्यापासून तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. भट्टीवाल्यालाही तेच हवं होतं. पोरीच्या अंगावर पांढरं दिसावं ते डगल्याचं, चुन्याचं नको, एवढं त्याचं मागणं होतं.

त्याने कागद भट्टीच्या खोपीत आरशाशेजारी खिळ्याला अडकवला. मग धुतलेला सदरा घालून तो स्वतः सही केलेली प्रत द्यायला शाळेत गेला. "बाई, माझी एकच पोरगी आहे, हुशार आहे, पण म्हणून सूट देऊ नका. आमची भट्टीसुद्धा कुणाला सूट देत नाही."

"मी कुणालाच देत नाही," बाई म्हणाल्या. दोघंही एकमेकांवर खूश झाले.

आता भट्टीच्या पाचव्या दिवशी मोजपट्टी शाळेतून आली ती सायकल भिंतीला टेकवायच्या आतच सांगत सुटली. "बाबा, बाईंनी कळी मागितलीय. शाळेच्या बाटलीतली दमट हवेनं पीठ झालीय. परवा पाण्याचा प्रयोग आहे. म्हणाल्या, तुझ्या घरची आण, यापेक्षा चांगली कुठं मिळणार?"

"असं म्हणाल्या?"

"सगळ्या वर्गासमोर."

भट्टीवाल्याने सळई बाजूला ठेवली. एवढा मान त्याच्या चुन्याला पुष्कळ दिवसांत मिळाला नव्हता. "कोण टाकणार पाण्यात?"

"आम्हीच. चौघाचौघांत एक चंचुपात्र. वाकून तापमापक बघायचा आणि दर मिनिटाला लिहायचं."

'वाकून' हा शब्द कानावर पडल्याबरोबर भट्टीवाल्याची नजर कठड्यावरच्या बायकोकडे गेली. "देतो की," तो म्हणाला. "उद्या काढून ठेवतो."

दुसऱ्या दिवशी भट्टी अखेर पिकली. खालच्या तोंडातून पहिला माल ओढला तो काय सुंदर निघाला. हलकी, खणखणीत कळी. एक तुकडा पाण्यात टाकला असता तर तडतडून फुटला असता. भट्टीवाल्याने पत्र्याचा डबा घेतला आणि त्या ढिगापाशी बसला. दोन तुकडे डब्यात टाकले, परत काढले. पोरगी वाकलेली, हातात काचेची नळी, आणि तुकडा फुटतोय, हे त्याला डोळ्यांसमोर दिसायला लागलं. शाळेतली पोरं, धक्काबुक्की करणार. बाईंना चुना काय असतो ते ठाऊक होतं, पण पुस्तकातून.

तो उठून छपराच्या मागच्या कोपऱ्यात गेला. गेल्या भट्टीतला कच्चा माल तिथं पावसाळाभर पडून होता. आत दगड, वरची पांढरी साल ओल लागून मेलेली. त्यातले बरे दिसणारे तुकडे वेचून त्याने डबा भरला, झाकणावर फडकं घट्ट बांधलं. एक दिवस पाणी तापलं नाही तर काय आभाळ कोसळतंय, असं त्याने मनाला सांगितलं. त्याच्या वेळी शाळेत प्रयोग म्हणजे मास्तर पुस्तकातून वाचत आणि पोरं उतरवून घेत. बाईही तसंच काहीतरी करतील, वहीत यायचं ते येईल. भिंतीवरचा कागद हाताच्या अंतरावर होता, त्याच्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

सकाळी मोजपट्टीने डबा सायकलच्या मागे बांधला. "जड आहे हो बाबा."

"भरून दिलाय. तुझ्या बाई काय म्हणतील, हात आखडला म्हणून?"

पुढचे चार दिवस कुणाला मान वर करायला फुरसत नव्हती. भट्टी रिकामी करायची, माल निवडायचा, गवंड्यासाठी पोती भरायची, आणि हे सगळं ताडपत्रीखाली, ठिबकणारं पाणी चुकवत. भट्टीवाल्याच्या बोटांच्या पेरांना भेगा पडल्या होत्या, त्यांत चुना जाऊन चरचरत होतं. बायको त्याच्या हातांना तेल चोळायची आणि मग तो तिच्या हातांना. मोजपट्टी शाळेतून आली की तोंडाला फडकं बांधून निवडायला बसे. ती बोलत नाहीये हे बायकोने ओळखलं.

"प्रयोग कसा झाला गं?"

"झाला."

"पाणी उकळलं का?" भट्टीवाल्याने पाठ वळवून पोतं शिवताशिवता विचारलं.

"उकळलं," मोजपट्टी म्हणाली आणि हातातली कळी पिकलेल्या ढिगावर टाकली.

भट्टीवाल्याचा दाभण हातातच राहिला. उकळणं शक्य नव्हतं. पण विचारायचं म्हणजे सांगावं लागलं असतं, म्हणून त्याने पोतं शिवून टाकलं. बाईंनी कुठून तरी चांगली कळी आणली असेल, अशी त्याने मनाची समजूत घातली. माणसाला आपल्या सोयीचं पटायला वेळ लागत नाही.

पाचव्या दिवशी संध्याकाळी ती वही घेऊन त्याच्यापुढे उभी राहिली. "सही हवीय. पाचापेक्षा कमी गुण असले की पालकांची सही लागते."

त्याने हात धुतले, पुसले, वही गुडघ्यावर घेतली. तिचं रेखीव अक्षर, मिनिटामिनिटाचा तक्ता. खाली लाल शाईत शून्य आणि त्याखाली बाईंचं एक वाक्य. त्याने अक्षर अक्षर जुळवलं. 'न दिसलेले लिहिले.'

"हे काय?"

"चुकलं माझं."

"काय चुकलं?"

"नियम मोडला. तुम्हीच म्हणाला होता ना, सूट देऊ नका. करा सही."

"अगं पण मग ती श्रेणी..."

"नाही मिळणार." तिने पेन पुढे केलं. त्याने सही केली. शेवटचं अक्षर ओळीखाली घसरलं.

सकाळी गवंडी पोती न्यायला येणार होता. त्याला थांबव, असं बायकोला सांगून भट्टीवाल्याने ताज्या कळीचे पाच-सहा तुकडे कोरड्या डब्यात घेतले आणि शाळेची वाट धरली.

विज्ञानाची खोली मागच्या अंगाला होती. लांब लाकडी टेबलं, त्यांवर आम्लाने पडलेले काळे डाग, खिडकीच्या फळीवर उलट्या टांगलेल्या परीक्षानळ्या. बाई वह्यांचा गठ्ठा लावत होत्या. त्याला बघून त्या उठल्या. त्यांचे डोळे झोप न झाल्यासारखे होते.

"मी येणारच होते तुमच्याकडे," त्या म्हणाल्या.

"बाई, एक काचेचं भांडं द्या, आणि तो तापमापक."

त्या भांडं, पाणी आणि तापमापक घेऊन आल्या. भट्टीवाल्याने त्यांना दोन हात मागे उभं केलं, तुकडा चिमट्याने सोडला आणि स्वतः तोंड बाजूला वळवलं. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग तुकडा सुसकारला, तडकला, पाणी खदखदायला लागलं आणि वाफ खिडकीच्या काचेवर जाऊन बसली. बाईंनी चष्मा पुसून तापमापक वाचला. नव्वदच्या वर गेला होता.

"तिनं ब्याण्णव लिहिलंय," बाई म्हणाल्या.

"मग खरं लिहिलं की तिनं!"

"काका, बसा."

तो बसला नाही.

"त्या दिवशी आठही पात्रांत पाणी गार राहिलं," बाई सांगू लागल्या. "मी म्हटलं, छान, जे दिसतंय ते लिहा, का तापलं नाही ते उद्या शोधू. एकतीस मुलांनी लिहिलं, तापमान बदललं नाही. सगळ्यांना पूर्ण गुण आहेत. हिनं एकटीनं लिहिलं की चार मिनिटांत पाणी उकळलं. मी तिला बाजूला घेऊन विचारलं, हे तू पाहिलंस? ती म्हणाली, हो, घरी. मी विचारलं, या पात्रात? तर तिनं वही मिटून घेतली."

"दोष माझा आहे," भट्टीवाला म्हणाला. "मी मुद्दाम कच्चा माल दिला. भीती वाटली. पोरांच्या डोळ्यांत उडेल म्हणून."

बाईंनी हातातला तापमापक खाली ठेवला. "मला सांगायचं होतंत. मी चष्मे मागवले असते, प्रयोग पुढे ढकलला असता."

"माझ्या लक्षातच नाही आलं, की सांगायचं असतं."

"तिला ठाऊक होतं का?"

"नाही. तिला कसं ठाऊक असणार?"

बाईंनी गठ्ठ्यातली एक वही उगाच सरळ केली. "डबा उघडला तेव्हा तिनं एक तुकडा हातात घेतला. खूप वेळ तळहातावर धरून होती. मी विचारलं, काय गं? काही नाही म्हणाली. मग पाणी गार राहिल्यावर मुलं हसायला लागली. गवंड्याचा मुलगा म्हणाला, यांचा चुना थंडगार आहे, बाबांना सांगतो, पुलाला घेऊ नका. तेव्हा हिनं मान खाली घातली आणि लिहायला सुरुवात केली."

भट्टीवाला आता बसला. तळहातावर घेतल्यावर काय झालं असेल ते बाईंना कळलं नव्हतं. त्याला कळलं. पोरीने डबा उघडला त्याच क्षणी तिला समजलं होतं, आणि समजून तिने बापाचा चुना कागदावर उकळून दाखवला होता.

"बाई, एकदा पुन्हा करू द्या तिला. तुमच्यासमोर."

"प्रयोग पुन्हा करता येईल. कच्च्या चुन्याचा एकही गुण मी कापलेला नाही." त्यांचा आवाज खाली आला. "शून्य चुन्याला नाहीये, काका. लिहिलेल्याला आहे. ते मी खोडलं, तर गार होतं असं खरं लिहिणाऱ्या एकतीस जणांना काय सांगू? मुख्याध्यापकांशी काल बोलले मी. तिनं असं का लिहिलं ते पुरतं ठाऊक नव्हतं मला, तरी बोलले. ते म्हणाले, नियम तुमचा, तुम्ही ठरवा. आणि मी ठरवू शकत नाहीये."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. भट्टीवाल्याला भांडायचं होतं, पण भांडायला समोर कुणी वाईट माणूसच नव्हतं. त्याने खिशातून फडकं काढून टेबलावर सांडलेलं चुन्याचं पाणी पुसून घेतलं. "हात लावू नका, चरचरतं," एवढंच म्हणून तो निघाला.

अर्जांची यादी शनिवारी फळ्यावर लागली. सात नावं होती. मोजपट्टी ती वाचून घरी आली, दप्तर खुंटीला लावलं आणि फडकं बांधून ढिगापाशी बसली. भट्टीवाला तिच्या शेजारी उकिडवा बसला. एक कळी उचलून त्याने तिच्यापुढे धरली. तिने घेतली नाही.

"डबा उघडलास तेव्हाच कळलं ना तुला?"

"त्या सकाळी डबा बांधतानाच शंका आली. जड होता."

"मग मला का नाही विचारलंस?"

"तुम्ही म्हणालात, भरून दिलाय." ती ढिगाकडे बघत बोलत होती. "वाटलं, तुम्ही म्हणताय तर असेल. मग हातात घेतली तेव्हा वाटलं, चुकून आली असेल. गवंड्याचा पोरगा सगळ्यांसमोर बोलला. पुलाचं काम गेलं असतं बाबा. मग वर्षभर काय?"

"अगं, मी गवंड्याला समजावलं असतं. कच्चा माल होता, मीच दिला, असं सांगितलं असतं."

"सांगितलं असतंत?" तिने पहिल्यांदाच त्याच्याकडे वळून पाहिलं.

त्या नजरेत राग नव्हता. खरंच माहिती हवी असल्यासारखं तिने विचारलं होतं. भट्टीवाल्याने हातातली कळी ढिगावर ठेवून दिली. तो ढीग पिकलेल्यांचा की कच्च्यांचा, हेही त्याने पाहिलं नव्हतं. मोजपट्टीने ती उचलून दुसऱ्या ढिगात टाकली.

पुढे पुलाचं काम वाढलं. गवंड्याला आता नुसती कळी नको होती, विझवून मुरवलेला चुना हवा होता, आणि तोही लवकर. खड्ड्यापाशी तिसऱ्या माणसाची गरज पडली. एकाने पाणी सोडायचं, एकाने कळी टाकायची, एकाने लांब दांड्याच्या फावड्याने ढवळत राहायचं. तोवर मोजपट्टीचं शाळेचं शेवटचं वर्ष संपलं होतं. कुणी काही ठरवलं नाही, कुणी दंडकाचा विषय काढला नाही. एका सकाळी मोजपट्टी फावडं घेऊन खड्ड्याच्या काठावर येऊन उभी राहिली.

गवंडी माल बघायला आला होता. माणूस बडबडा पण मनाचा बरा. खदखदणाऱ्या खड्ड्याकडे बघून तो चार पावलं मागे सरला.

"काय उकळतंय हो! आणि आमचं कार्टं म्हणत होतं, यांचा चुना थंडा आहे. दोन लगावल्या त्याला." मग त्याचं लक्ष बायकोच्या डोळ्याकडे गेलं. "वहिनी, याच खड्ड्यापाशी झालं ना तुमचं ते? कसं काय हो झालं?"

बायकोने टोपली खाली ठेवली आणि नेहमीप्रमाणे नवऱ्याच्या उत्तराची वाट बघत उभी राहिली. भट्टीवाल्याच्या हातात पाण्याची बादली होती. समोरच्या काठावर पोरगी फावड्यावर दोन्ही हात ठेवून उभी होती, तिचं तोंड फडक्याने झाकलेलं होतं, फक्त डोळे दिसत होते. तिनेही ढवळणं थांबवलं होतं.

"मी पाणी ओतलं," भट्टीवाला म्हणाला. "ती वाकून ढेकळं सारत होती. थांबा म्हणाली. मला घाई होती, अंधारून आलं होतं. ती वाकलेली मला दिसत होती, तरी मी ओतलं."

खड्ड्यात चुना तेवढा बुडबुडत होता.

भट्टीवाला बायकोकडे बघू शकत नव्हता. "चार वर्षं खोटं सांगत आलो," तो खाली बघून म्हणाला. "तुझ्यावरच ढकललं. तुला कधी..."

"मला काय सांगताय?" बायको म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता. "तेव्हा मला दोन्ही डोळ्यांनी दिसत होतं."

मग तिने टोपली उचलली. गवंडी पायांकडे बघत, येतो मी उद्या, असं काहीतरी पुटपुटून निघून गेला. भट्टीवाला बादली घेऊन तसाच उभा होता. चिमूटभर ताजा चुना पोरीपासून दूर ठेवायला म्हणून त्याने तो डबा भरला होता, आणि आता सबंध खड्डा तिच्या पायाशी उकळत होता. उद्या, परवा, आणि त्यानंतरही तो उकळणार होता.

"आई, मागं सर," मोजपट्टी फडक्याआडून म्हणाली. आई मागे सरली की नाही ते तिने नीट पाहिलं. मग स्वतः दोन पावलं मागे झाली, फावडं लांब धरलं, आणि बापाकडे बघून मान हलवली.

"बाबा, आता ओता."